अंगावर काढायचं नाही

कॅन्सरवर गोळ्या सुरू होणार असं कळलं की घरात बहुतेक पहिलं वाक्य उमटतं ते असं : "बरं झालं बाई, नुसत्या गोळ्याच आहेत." सलाईन नाही, सुई नाही, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या कमी, घरचं जेवण, आपली खाट. वाक्य खोटं नाही. पण त्यातला 'नुसत्या' हा शब्द फार महागात पडू शकतो. तुमच्या घरी कोणी हे वाक्य म्हटलं असेल, आणि तुम्ही माझ्यासारखे हजारो मैल लांब बसून फोनवर ते ऐकलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी लिहिलंय.

मी डॉक्टर आहे, पण औषध लिहून देणारी नाही. रसायनशास्त्रात पीएचडी केली आणि गेली चार वर्षं इंग्लंडात, लीड्स शहरात पोस्टडॉक म्हणून काम करते. आईबाबा कराडला असतात. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, वय ६७. त्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि त्यानंतर सहा महिने केपसायटाबिन नावाच्या गोळ्या घरीच घ्यायच्या ठरल्या. घरात आई, दादा, वहिनी आणि चार वर्षांचा भाचा. वहिनीला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेलेले. त्या सहा महिन्यांत आमच्या घराला जे शिकावं लागलं ते सांगते. तुमच्या माणसाचं औषध वेगळं असेल, मात्रा तर वेगळी असणारच. त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण विचारायचे प्रश्न बरेचसे सारखेच असतात.

आधी ही गोळी आहे तरी काय, ते पाहू. ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध १९५७ सालापासून माहीत आहे. कॅन्सरसाठी ते शिरेतून देतात. केपसायटाबिन, जिला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली, ही त्याच औषधाची पोटातून जाणारी वाट. गोळी गिळताना ती अर्धवट तयार असते. शरीरातली एन्झाइम्स तीन पायऱ्यांमध्ये तिचं ५-फ्लुओरोयुरॅसिल करतात. शेवटची पायरी पूर्ण करणारं एन्झाइम अनेक गाठींमध्ये जास्त असतं, म्हणून ही रचना हुशारीची. पण ते एन्झाइम फक्त गाठीतच असतं असं नाही. भराभर वाढणाऱ्या इतर पेशींनाही औषध लागतं : आतड्याचं अस्तर, तोंडाची आतली कातडी, रक्त तयार करणारा मगज, तळहात आणि तळपाय. थोडक्यात, ही शिरेतून मिळणारी केमोथेरपीच आहे. रस्ता फक्त बदलला.

रस्ता बदलला की आणखी एक गोष्ट बदलते, आणि माझ्या मते सगळ्या खबरदारीचं मूळ तिथे आहे. रुग्णालयात केमोचं सलाईन लावण्याआधी एक नर्स येते. ताप बघते, रक्ताचा रिपोर्ट बघते, विचारते : जुलाब किती? तोंड आलंय का? जेवण जातंय का? उत्तर बरोबर नसेल तर त्या दिवशी सलाईन लागत नाही. घरी ती नर्स नसते. औषध द्यायचं की थांबवायचं हा निर्णय दिवसातून दोन वेळा खुद्द रुग्णाच्या हातात येतो, जेवणाच्या ताटाशेजारी. ब्रिटनमधल्या रुग्णसुरक्षेचं काम बघणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने जानेवारी २००८ मध्ये सगळ्या रुग्णालयांना इशारा दिला होता की तोंडाने घ्यायच्या कॅन्सरच्या औषधांना शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांइतकेच कडक नियम लावा. कारण चुका होत होत्या : मात्रेच्या, दिवसांच्या, वेळच्या वेळी न थांबण्याच्या.

आता एकेक गोष्ट.

मात्रा. बाबांची मात्रा त्यांच्या उंची-वजनावरून काढली होती : ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी, चार संध्याकाळी. १४ दिवस घ्यायच्या, ७ दिवस सुट्टी, अशा आठ फेऱ्या. म्हणजे एका फेरीत ११२ गोळ्या. सुट्टीचे सात दिवस हाही उपचाराचाच भाग आहे. शरीर त्यात सावरतं. आमच्याकडे कॅलेंडरवर आईने गोळ्यांच्या दिवसांना लाल आणि सुट्टीच्या दिवसांना हिरवी खूण केली. हे बाळबोध वाटेल, पण 'चौदा दिवस की एकवीस?' हा घोटाळा खरोखर होतो, आणि तो घातक ठरू शकतो.

जेवण. केपसायटाबिन जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घ्यायची, दोन वेळांमध्ये साधारण बारा तासांचं अंतर ठेवून. पण हा नियम सगळ्या गोळ्यांना लागू नाही. रक्ताच्या कॅन्सरची इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा पेला भरून पाण्याबरोबर घेतात. प्रोस्टेट कॅन्सरची अबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्यावी लागते, कारण अन्नाबरोबर ती रक्तात भलतीच जास्त जाते. त्यामुळे शेजारच्या काकांच्या गोळीचा नियम आपल्या गोळीला लावू नका.

राहिलेली गोळी. एक वेळ चुकली तर ती सोडून द्यायची, पुढची नेहमीच्या वेळी नेहमीइतकीच घ्यायची. 'सकाळची राहिली म्हणून आता आठ' असं कधीही नाही. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी परत घ्यायची नाही. वहीत लिहायचं आणि रुग्णालयाला कळवायचं. बाबांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या हिशेबात राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी भरून काढायचं असतं.

हाताळणी. इथे माझ्या कामाचा संबंध येतो. माझ्या लॅबमध्ये अशा जातीचा पदार्थ बाटलीतून काढायचा झाला तर मी आधी एक फॉर्म भरते. ब्रिटनमध्ये त्याला सगळे 'कॉश' म्हणतात. पदार्थ कोणता, तो अंगात कुठून शिरू शकतो, सांडला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. मग हातमोजे, चष्मा आणि काचेआडचं हवा खेचणारं कपाट. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था धोकादायक औषधांची जी यादी काढते, तिच्यात केपसायटाबिन आहे. आणि कराडमध्ये ती मीठ-मिसळणाच्या डब्याशेजारच्या फळीवर होती.

घाबरण्यासारखं नाही हे मुद्दाम सांगते. अखंड गोळीवर आवरण असतं. तिला हात लागला म्हणून कोणाला विषबाधा होत नाही. धोका असतो तो गोळी फोडली, कुटली, विरघळवली तर. आणि रोज-रोजच्या हाताळणीचा. आजी शेवटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आई तिच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये चुरडून मधातून द्यायची. ती सवय इथे चालणार नव्हती. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारायचं, खलबत्त्याला नाही.

आमच्या घरी ठरलं ते असं. बाबा स्वतः गोळ्या काढतील आणि लगेच साबणाने हात धुतील. त्यांना बरं नसेल तर दादा किंवा आई काढेल, हातमोजे घालून. वहिनी या गोळ्यांना हात लावणार नाही, कारण पोटातल्या बाळाला या जातीच्या औषधांपासून खरा धोका असतो. गोळ्या मूळ पाकिटातच राहतील. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या सोम-मंगळ खणांच्या डबीत जाणार नाहीत. मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून दिली तर नावाचा भाग तिच्यावर शिल्लक आहे ना, हे दुकानातच बघायचं. आणि पाकीट गोदरेजच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, कुलपात. चार वर्षांच्या मुलाला गुलाबी गोळी आणि पेपरमिंट यांत फरक कळत नाही.

औषधाचा काही अंश लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतो. म्हणून गोळ्या चालू असताना आणि थांबल्यावर दोन-तीन दिवस : संडासात भरपूर पाणी, कमोड असेल तर झाकण लावून फ्लश, नंतर साबणाने हात. उलटी पुसताना, खराब कपडे उचलताना हातमोजे; ते कपडे वेगळे धुवायचे. बाबांनी बाजूला बसायचं, वेगळं ताट घ्यायचं, नातवाला जवळ घ्यायचं नाही, असलं काही नाही. हे मी तीनदा सांगितलं, कारण आमच्याकडे 'जपणं' आणि 'बाजूला टाकणं' यांच्यातली रेघ पुसट आहे. एका मावशीने येऊन बाबांचा पेला वेगळा ठेवायचा सल्ला दिला होता. आईने चहा दिला, पेला होता तिथेच ठेवला.

दुसरी औषधं. गोळ्या सुरू होण्याआधी घरात जे जे पोटात जातं त्याची यादी करा : गोळ्या, चूर्णं, काढे, 'ताकदीचं' टॉनिक, सगळं. केपसायटाबिनबरोबर रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. तपासण्या वाढवाव्या लागतात. फिट्सवरच्या फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. युरिक ॲसिडसाठी घेतात ते ॲलोप्युरिनॉल या गोळीचा परिणाम कमी करू शकतं. फॉलिक ॲसिड, जे निम्म्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, ते या गोळीचा त्रास वाढवू शकतं. बाबांना अशक्तपणा आला म्हणून एका हितचिंतकाने आणून दिलेल्या टॉनिकच्या बाटलीवर ते होतंच. गुळवेलीचा काढाही आला. काढा वाईट की चांगला हा वाद मी घातला नाही. एवढंच म्हटलं, बाटली डॉक्टरांना दाखवू, ते हो म्हणाले तर घ्या.

दुसऱ्या औषधाने काय होऊ शकतं याचा एक धडा जपानने दिलाय. १९९३ साली तिथे नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध बाजारात आलं. ५-फ्लुओरोयुरॅसिलच्या जातीची औषधं चालू असलेल्या काही कॅन्सरग्रस्तांनी ते घेतलं आणि काही आठवड्यांत त्यांतले अनेक जण दगावले. कारण पुढे स्पष्ट झालं. ५-फ्लुओरोयुरॅसिलची शरीरात विल्हेवाट लावणारं डीपीडी नावाचं एन्झाइम आहे. सोरिव्हुडिनपासून तयार होणारा पदार्थ ते बंद पाडत होता. नळ चालू आणि मोरीला बोळा, तसं झालं.

काही माणसांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं, अगदी क्वचित मुळीच नसतं. त्यांना नेहमीची मात्राही विषासारखी ठरते, आणि त्रास पहिल्याच फेरीत सुरू होऊ शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली सांगितलं की ही औषधं सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी. तुमच्या माणसाची ही तपासणी झाली आहे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत जरूर विचारा. बाबांची केली, ठीक आली. पण ती ठीक आली म्हणजे त्रास होणारच नाही असं नसतं. बाबांच्या तिसऱ्या फेरीत ते दिसलं.

त्या आधी वहीबद्दल सांगते. पहिल्या फेरीपासून मी रोज व्हिडिओ कॉल करत होते, कराडचे रात्रीचे साडेआठ, इथले दुपारचे तीन. "काय म्हणताय बाबा?" "मजेत." "जेवण?" "छान." "पोट?" "उत्तम." या उत्तरांतून काही कळणं शक्य नव्हतं. म्हणून मी एक तक्ता आखला. त्यात विशेषणं नाहीत, फक्त आकडे : ताप किती, शौचाला दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, उलट्या किती, जेवण नेहमीच्या किती हिश्श्याने, तोंडात फोड आहेत की नाहीत, हातापायांना दुखतंय की नाही. दादाने दोनशे पानी वहीत तो उतरवला. बाबा रोज झोपताना भरायचे आणि वहिनी पानाचा फोटो मला पाठवायची.

तिसऱ्या फेरीच्या नवव्या दिवशीच्या फोटोत शौचाच्या रकान्यात एक आकडा गिरवलेला दिसला. खाली काहीतरी लिहून त्यावर ठळक २ काढलेला. त्याच वेळी वहिनीने मला वेगळा मेसेज केला : "ताई, बाबांच्या खोलीतला दिवा रात्री चार-पाचदा लागतोय. आईंना विचारलं तर म्हणाल्या, पोट जरा ढिलं आहे." मी आईला फोन लावला. आई आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "अगं, दोन दिवस झाले. दिवसाला आठ-नऊ वेळा जातायत. सांगू नको म्हणाले."

गोळ्या? त्या चालूच होत्या. सकाळी चार, संध्याकाळी चार, अगदी वेळेवर.

केपसायटाबिनबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं असतं : नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, किंवा रात्री उठावं लागलं, तर गोळ्या थांबवा आणि फोन करा. जुलाब होतायत याचा अर्थ आतड्याचं अस्तर सोलवटलंय, आणि आपण त्यावर दर बारा तासांनी तेच औषध टाकतोय. अंगातलं पाणी आणि क्षार जातात, मूत्रपिंडावर ताण येतो. वहिनीने तेव्हाच रुग्णालयाचा नंबर फिरवला. तिकडून सांगितलं : गोळ्या आत्ता बंद, ओआरएस सुरू, वाट न बघता जवळच्या दवाखान्यात न्या. कराडमध्येच दोन दिवस सलाईन लागलं. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, ते उतरलं. आणखी दोन दिवस ढकलले असते तर काय, असं मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तो प्रश्न आता नको." मला उत्तर मिळालं.

बाबांशी मी चार दिवसांनी बोलले. रागावण्यात अर्थ नव्हता. का सांगितलं नाही, एवढंच विचारलं. त्यांनी दोन कारणं दिली. एक : "गोळ्या बंद केल्या असत्या. मग कॅन्सर परत आला असता." आणि दुसरं, जरा थांबून : "तू तिकडून तिकीट काढून निघाली असतीस. तुझी नोकरी वर्षाच्या कराराची."

दुसरं कारण पुन्हा वाचा. आपल्यापैकी किती जणांच्या घरी ते न बोलता पाळलं जात असेल? आपल्याकडे न सांगता सोसण्याला 'अंगावर काढणं' म्हणतात, आणि तो शब्द आपण बऱ्याचदा कौतुकाने वापरतो. त्यांनी सगळं अंगावर काढलं, कधी कुणाला त्रास दिला नाही. बाबांच्या पिढीने ताप अंगावर काढले, दुखणी अंगावर काढली, डबल ड्युट्या अंगावर काढल्या. परदेशातल्या मुलांपासून तर दुखणं लपवणं ही जणू मायेचीच एक रीत. सर्दी-खोकल्यात ते खपून जातं. या गोळीबरोबर अंगावर काढणं म्हणजे विषाची मात्रा आपल्या हाताने वाढवत नेणं.

मी बाबांना त्यांच्याच भाषेत विचारलं. आगारात गाडी आली, ड्रायव्हरने बिघाड लिहून दिलाच नाही, 'गाडी बरी आहे' म्हणाला, तर? बाबा हसले. म्हणाले, "तसले होते की. लिहिलं तर गाडी अडकेल म्हणून लिहायचेच नाहीत. मग घाटात बंद पडायची." पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

मी माझ्या बाजूने एक करार केला, आणि तुम्हीही तो करावा असं सुचवते. वहीत काहीही आकडा आला तरी मी घाबरून विमान पकडणार नाही. आकडा आला की वहिनी किंवा दादा रुग्णालयाला फोन करणार. यायचं की नाही ते सगळे मिळून ठरवू. खरं सांगितल्याची शिक्षा म्हणून लेकीची नोकरी जाणार नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट शब्दांत ऐकायला हवं होतं. त्या दिवसानंतर वहीत गिरवलेला आकडा आला नाही.

आणि पहिल्या कारणाचं उत्तर पुण्याच्या डॉक्टरांनी दिलं. औषध थांबवणं आणि मात्रा कमी करणं ही हार नव्हे. ते उपचाराच्या आराखड्यातच लिहिलेलं असतं. इतका त्रास झाला तर पूर्ण बरं होईपर्यंत थांबायचं आणि पुढे मूळ मात्रेच्या तीन चतुर्थांश मात्रेवर सुरू करायचं. चाराच्या तीन गोळ्या झाल्या. बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत. बाबांनी उरलेल्या पाचही फेऱ्या तीन-तीन गोळ्यांवर पूर्ण केल्या. आता ठरावीक महिन्यांनी रक्त तपासतात, स्कॅन करतात. पुढचं पुढे.

आमच्या फ्रिजवर जो कागद चिकटवला होता त्यातला मजकूर देते. इंग्लंडमध्ये असे उपचार घेणाऱ्यांना एक कार्ड देतात आणि चोवीस तास चालू असलेला फोन नंबर. आमच्या हातात पडलं ते इंग्रजी पत्रक, बारीक अक्षरातलं. मग मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं आणि डॉक्टरांकडून तपासून घेतलं. वर औषधाचं नाव, मात्रा, रुग्णालयाचा नंबर, 'कॅन्सरचं औषध चालू आहे' ही ओळ. त्याखाली :

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर : रात्र असली तरी फोन. आधी क्रोसिन घेऊन ताप लपवायचा नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतील तर साधा वाटणारा ताप काही तासांत गंभीर होतो.

जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त, किंवा रात्री एकदाही : गोळ्या थांबवून फोन.

दिवसात एकापेक्षा जास्त उलट्या, किंवा जेवण फारच कमी : गोळ्या थांबवून फोन.

तोंडात फोड, लालपणा, दुखणं. किंवा तळहात-तळपाय इतके दुखतायत की चहाचा कप धरवत नाही, चालवत नाही : गोळ्या थांबवून फोन.

छातीत दुखणं : लगेच दवाखाना. या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. 'गॅस झालाय' म्हणून ओवा खात बसायचं नाही.

हातापायांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण त्यातून परदेशातल्या लोकांना वेगळीच अडचण येते. तळवे लाल होतात, जळजळतात, सालं निघतात. बाबांची कडक कोल्हापुरी चप्पल सहा महिने बंद झाली. मऊ चप्पल आणि सुती मोजे आले. फार गरम पाणी नको, अनवाणी चालणं नको, सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांनी दिलेलं मलम. यात बोटांच्या रेषाही पुसल्या जाऊ शकतात. २००९ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी 'ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात आपल्या एका रुग्णाची हकीकत कळवली होती : अमेरिकेत उतरल्यावर त्याच्या बोटांचे ठसेच मिळेनात, म्हणून त्याला चार तास अडवून ठेवलं. तो हीच गोळी घेत होता. बाबांचं नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अडलं. यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना. बाबा बँकेत म्हणाले, "मी हयात आहे, अंगठा नाही." तेव्हा आईवडिलांचा व्हिसा काढायचा असेल, आधारवर काही काम असेल, तर डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा, आणि जमलं तर ती कामं गोळ्या सुरू होण्याआधी उरकून घ्या.

शेवटी उरलेल्या गोळ्या. मात्रा कमी झाल्यामुळे आमच्याकडे काही स्ट्रिप उरल्या. गोळी महाग, फेकवत नाही. ओळखीत कोणाला तेच औषध चालू असल्याचं कळलं आणि आईच्या मनात आलं, देऊन टाकू या, पुण्य लागेल. हेतू सोन्यासारखा. पण दुसऱ्याची मात्रा, त्याचं मूत्रपिंड, त्याची बाकीची औषधं आपल्याला माहीत नसतात. कचऱ्यात किंवा मोरीत टाकायच्याही नाहीत. रुग्णालयाच्या औषधविभागात परत दिल्या.

मला विचारलंत तर या सगळ्यात सर्वात मोठं काम केलं ते वहिनीने. तिने एकाही गोळीला हात लावला नाही, पण रात्रीचा दिवा बघितला आणि फोन लावला. घरात जवळ असणाऱ्या अशा एका माणसाला तो अधिकार नावानिशी द्या : गोळी थांबवून फोन करायला कोणाची परवानगी लागणार नाही, रुग्णाचीसुद्धा नाही.

आणि तुम्ही लांबून करायचं ते इतकंच. आज फोन कराल तेव्हा 'बरं आहे ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला आपल्या आईबाबांकडे एकच उत्तर असतं. विचारा : किती अंश, किती वेळा, किती घास, आणि कालपेक्षा काय वेगळं? आकडा सांगेपर्यंत फोन ठेवू नका, आणि आकडा ऐकून रागावूही नका.